कज्जा कोर्टात राहू द्या, शिरपूरचे दगड वाचवू या

शिरपूर म्हटले की महाराष्ट्राला एकच गोष्ट आठवते, ४२ वर्षे बंद राहिलेले देऊळ. १९८१ साली श्वेतांबर आणि दिगंबर या दोन जैन पंथांच्या वादात दाराला कुलूप लागले. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते काढायला सांगितले आणि मार्चमध्ये दार उघडले. मधल्या काळात गावात एक अख्खी पिढी जन्मली, शिकली, संसाराला लागली. तिने अंतरिक्ष पार्श्वनाथ पाहिला तो दाराला असलेल्या लहानशा झरोक्यातून. एक डोळा मिटायचा, दुसरा भोकाला लावायचा, आतल्या मिणमिणत्या उजेडात काळ्या मूर्तीचा अंदाज घ्यायचा आणि मागचा माणूस खाकरला की बाजूला व्हायचे. गुजरात-राजस्थानातून दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्यालाही तेवढेच.

दार उघडल्याचा आनंद काही दिवसांतच आटला. देवळात हाणामारी झाली, पोलिसांचा बंदोबस्त लागला, मोबाईलवर चित्रफिती फिरल्या. दोन्ही पंथांचे लोक त्या पाहून आपापला राग पक्का करत बसले. चूक कोणाची, हक्क कोणाचा, हे मला या लेखात सांगायचे नाही. ते न्यायालय सांगेल. मला बोलायचे आहे ते दगडांबद्दल. शंभराहून अधिक वर्षे शिरपूरबद्दल जे काही बोलले आणि लिहिले गेले, ते जवळपास सगळे मालकीबद्दल. ज्याची मालकी हवी ती वस्तू कशी आहे, किती झिजली, तिच्यावर काय कोरले आहे, तिची नोंद कुठे आहे, हे विचारायला कोणाला सवडच झाली नाही. म्हणून वाशीम जिल्ह्यातल्या, आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या वाशीमकरांनाही, हे आवाहन.

ज्यांनी गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शिरपूर जैन मालेगाव तालुक्यात येते, मालेगाव आणि रिसोड यांच्या मधे. भोवती सोयाबीन आणि तूर. गावात वाड्यासारखे दिसणारे एक देऊळ आहे. बाहेरून पाहिले तर आत तीर्थ आहे असे वाटत नाही. वाकून आत शिरायचे, खाली भुयारात उतरायचे, तिथे पार्श्वनाथाची साडेतीन फुटांची काळी मूर्ती. ती जमिनीला टेकलेली नाही अशी श्रद्धा आहे, म्हणून अंतरिक्ष. दुसरे देऊळ गावाबाहेर आहे, जुने, दगडी. गावकरी त्याला पवळी म्हणतात. मध्ययुगातले हेमाडपंती काम. वाद भुयारातल्या मूर्तीभोवती फिरत राहिला आणि पवळीकडे पाहणारे थोडेच उरले.

हेमाडपंती कामाकडे एकदा नाक लावून पाहा. दोन चिऱ्यांच्या मधे चुना नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला आहे, तोही असा की सांध्यात सुरी शिरणार नाही. भार, वजन आणि खाचा यांच्या जोरावर सगळे उभे. भिंत सरळ जात नाही, कोनाकोनांनी बाहेर येते आणि आत सरकते, त्यामुळे सकाळचे ऊन पडले की एकाच भिंतीवर उजेड-सावलीच्या दहा उभ्या पट्ट्या दिसतात. या बांधणीचे बळ तिथेच आहे आणि दुखणेही तिथेच. सांध्यात पिंपळाची एक मुळी शिरली की ती चिरा उचलते. भेग बुजवायला कोणी सिमेंट भरले की पाणी आत अडकते, सिमेंट उन्हात फुगते आणि जुन्या दगडाचा कपचा उडतो. पूर्वजांनी चुना न वापरता जे शेकडो वर्षे उभे ठेवले, ते आपण एका पोत्यात बिघडवतो.

शिरपूरच्या देवळाचा एक शिलालेख आहे. इंग्रजी अमदानीत निघालेल्या ‘इंपीरियल गॅझेटियर’ने त्यातले साल १४०६ असे ‘वाचले गेले आहे’ एवढेच सावधपणे लिहिले आणि देऊळ त्याहून निदान शंभर वर्षे जुने असावे असे म्हटले. म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातली वास्तू, यादवांच्या अखेरच्या काळाच्या आसपासची. एखादे साल किती महत्त्वाचे असते ते शेजारच्या अकोला जिल्ह्यात पाहा. बार्शीटाकळीच्या देवळावर शके १०९८, म्हणजे ११७६ सालाचा लेख आहे. त्या एका ओळीने हे नक्की कळते की ज्याला आपण सरसकट हेमाडपंताचे काम म्हणतो ते देऊळ हेमाडपंत यादवांचा कारभारी होण्याच्या कितीतरी आधी उभे होते. ती ओळ खरवडली गेली असती, तिच्यावर रंग फासला गेला असता, तर आपण आजही दंतकथाच सांगत बसलो असतो.

दंतकथा वाईट नसते बरे का. शिरपूरची तर फारच गोड आहे. रावणाचे सेवक प्रवासाला निघाले, पूजेची मूर्ती घरीच राहिली. पूजा केल्यावाचून जेवायचे नाही असा नेम. मग वाळू आणि शेण कालवून तिथल्या तिथे मूर्ती केली, पूजा आटोपली आणि ती पाण्यात सोडली. पुढे कित्येक काळाने एलिचपूरच्या एल राजाला ती सापडली. घेऊन जा, पण मागे वळून पाहू नकोस, अशी अट होती. राजा शिरपूरपर्यंत आला, त्याच्या मनात शंका आली, त्याने मान वळवली आणि मूर्ती तिथेच अधांतरी थांबली. एके काळी डोक्यावर घागर घेतलेली बाई तिच्याखालून जाऊ शके असे सांगतात. शिरपूरच्या पार्श्वनाथाचा उल्लेख तेराव्या शतकात मदनकीर्तींनी केला, ते दिगंबर. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ लिहिले, त्यात श्रीपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते श्वेतांबर. मागे वळून पाहिलेल्या त्या राजाची गोष्ट आणि पार्श्वनाथाचा जयजयकार दोन्ही घरांत आहे. भांडण सख्ख्या भावांचे आहे, आणि सख्ख्या भावांचे भांडण किती लांबते हे आपल्या प्रत्येक गावच्या सातबाऱ्याला ठाऊक आहे.

या भांडणाचा गाभा समजून घेतला तरच पुढचे बोलणे पटेल. १९०५ साली दोन्ही पंथांनी बसून पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. अमुक तास यांचे, अमुक तास त्यांचे. व्यवस्था चांगली होती. पण मूर्तीला लेप लागतो. वाळू-शेणाची कथा खरी धरा किंवा नका धरू, मूर्ती झिजते आणि तिचा पृष्ठभाग वरचेवर सावरावा लागतो हे सगळ्यांना मान्य. अडचण अशी की लेपात आकार येतो. श्वेतांबर म्हणतात, कमरेचा करदोडा आणि कच्छोटा लेपात हवाच, कारण तो मुळात आहे. दिगंबर म्हणतात, मूर्ती निर्वस्त्र आहे, तिच्यावर हे चढवू नका. लेप घालावा तर वाद, न घालावा तर झीज. जे मूर्तीला वाचवते त्याच्यावरूनच तंटा, असा हा विचित्र पेच आहे. खटला वऱ्हाडात सुरू झाला, नागपुरात गेला आणि शेवटी समुद्र ओलांडून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. १९२९ साली निकाल आला. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे, पूजेचा हक्क दोघांनाही. त्यानेही मिटले नाही. पुढचे आपल्याला माहीत आहे.

शिरपूरच्या एका देवळाचा कागद लंडनला गेला, पण शिरपुरात काय राहिले? मला तर हे या साऱ्या मुलखाचेच दुखणे वाटते. आपण सरहद्दीवरचे लोक. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामाचा. सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांना, आणि कचेऱ्या मात्र दोन राज्यांत. बाशिम, म्हणजे वाशीम, हा तेव्हा जिल्हा होता, तोही १९०५ मध्ये, म्हणजे शिरपूरला पूजेच्या वेळा ठरल्या त्याच साली, मोडून टाकला. पुढे ९३ वर्षे आपण अकोल्याचे शेपूट होतो. १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला. एवढ्या उलाढालीत दप्तरे कधी अकोल्याला, कधी नागपूरला, कधी हैदराबादला. वाकाटकांची एक राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. पण त्याचा अभिमान आपण भाषणापुरता काढतो. आज सरकारच्या लेखी आपण आकांक्षित जिल्हा आहोत, म्हणजे मागे राहिलेला. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यांतून जातो आणि त्यावरून सुसाट जाणाऱ्याला शिरपूर कोणत्या बाजूला राहिले हेही कळत नाही.

जपून ठेवले तर काय मिळते याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात कारंजा आहे. तिथल्या जैन भांडारांत हस्तलिखितांची बासने शतकानुशतके बांधून ठेवलेली होती. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात ती सोडली गेली आणि पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’ असे अपभ्रंश ग्रंथ छापून जगापुढे आले. प. ल. वैद्य आणि हीरालाल जैन यांच्यासारख्यांनी ते संपादित केले, कारंज्याच्या नावाची ग्रंथमाला निघाली. अपभ्रंश म्हणजे आपल्या आजच्या भाषांची आजी. मराठीचा इतिहास लिहिणाऱ्याला कारंज्याचे नाव घ्यावेच लागते, ते तिथल्या कोणा ना कोणा माणसाने वाळवी लागू दिली नाही म्हणून. पवळीच्या दगडांवर, पायाखालच्या मातीत, आजूबाजूच्या बांधांवर पडलेल्या घडीव चिऱ्यांत काय आहे हे कोणी नीट वाचलेच नाही, तर कशाला मुकलो हे आपल्याला कळायचेही नाही.

आता जरा जगाकडे पाहू. जेरुसलेममध्ये ख्रिस्ताच्या समाधीवरचे चर्च आहे. त्याच्या मध्ययुगीन भिंती बाराव्या शतकातल्या. ख्रिस्ती धर्माचे सहा पंथ तिथे हक्क सांगतात आणि त्यांचे भांडण पाहिले तर शिरपूरचे भांडण मवाळ वाटेल. कोणता दिवा कोणाचा, कोणती पायरी कोणी झाडायची, सगळे ठरलेले. १८५२ च्या तुर्की फर्मानाने जे जसे होते ते तसेच गोठवले. दाराच्या वरच्या सज्जावर एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकून उभी आहे, ती हलवायची कोणी हे ठरत नाही म्हणून! दाराची किल्ली कोणाही पंथाकडे नाही, ती एका मुसलमान घराण्याकडे. अशा ठिकाणी समाधीवरची छोटी वास्तू खचत चालली होती. इंग्रजांनी १९४७ साली लोखंडी तुळयांचा पिंजरा लावून ती कशीबशी धरून ठेवली. सत्तर वर्षे त्याच पिंजऱ्यात. २०१५ मध्ये धोका आहे म्हणून पोलिसांनी ती काही तास बंद केली, तेव्हा तिन्ही मोठ्या पंथांच्या लक्षात आले की असेच चालले तर भांडायलाही काही उरणार नाही. २०१६ मध्ये ग्रीक, आर्मेनियन आणि कॅथलिक यांनी मिळून करार केला, अथेन्सच्या तंत्र विद्यापीठाने काम हाती घेतले आणि २०१७ च्या मार्चमध्ये समाधी मोकळी झाली, पिंजऱ्यावाचून. हक्काचा एकही वाद त्यांनी सोडवला नाही. सगळे वाद जिथल्या तिथे ठेवून दुरुस्ती तेवढी केली.

शिरपूरसाठी मी एवढेच मागतो आहे. वकील मंडळींकडे यासाठी तयार वाक्य असते, ‘हक्कांना बाधा न येता’. त्या एका वाक्याखाली दोन्ही पंथांच्या विश्वस्तांनी एक कागद करावा. त्यात पूजा नको, व्यवस्थापन नको, लेपही नको. फक्त वास्तूची मोजणी, छायाचित्रे, लेखांचे वाचन, पाण्याचा निचरा आणि कोसळू पाहणाऱ्या भागाला आधार. दोघांनी नेमलेला संवर्धक, खर्च निम्मा-निम्मा. गावातले देऊळ आणि पवळी, दोन्हींसाठी. जैन समाजाकडे पैसा, माणसे आणि शिस्त तिन्ही आहे, हे कोणाला सांगायला नको. देशभरातून येणारे भाविक देणगी देताना पावती मागतात, तशी एकदा या कागदाची प्रतही मागा. देणगीदाराने विचारले की विश्वस्त ऐकतात, हा अनुभव सगळीकडचा आहे.

आणि विश्वस्तांना एक विनंती, जीर्णोद्धार हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे या शब्दाच्या नावाखाली काय काय चालते ते वऱ्हाडात कुठेही फिरून पाहा. काळ्या दगडाच्या खांबांना ऑइलपेंट, गाभाऱ्यात न्हाणीघराच्या फरशा, कळसाला सोनेरी रंग, सभामंडपापुढे पत्र्याचे शेड, चौकटीवर देणगीदाराच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी. हे करणारे लोक श्रद्धाळूच असतात, त्यांना देऊळ ‘चांगले’ करायचे असते. पण ऑइलपेंट बसला की दगडाची रंध्रे बुजतात, आतली ओल बाहेर पडत नाही आणि कोरीवकामाचे नाक-डोळे पापुद्र्यासकट गळतात. रंग काढायला वाळूचा मारा केला तर उरलेसुरलेही जाते. जुन्या देवळाला नवे करायचे नसते, जुनेच टिकवायचे असते. हे काम गावच्या गवंड्याचे नाही, कितीही हात चांगला असला तरी.

शिरपूरच्या गावकऱ्यांचे म्हणणे मला माहीत आहे. जैनांचे देऊळ, जैनांचे भांडण, आम्ही कशाला मधे पडू? मंडळी, ४२ वर्षांच्या कुलपाची किंमत कोणी मोजली? यात्रेकरू उतरला नाही तर चहाची टपरी चालत नाही, ऑटोवाला रिकामा बसतो, फुलवालीचा हार सुकतो. बंदोबस्त लागला की त्रास गावाला, बदनामी गावाची. शिवाय शिरपूर हे एकट्या जैनांचे गाव कधीच नव्हते. जानगीर महाराजांच्या संस्थानावर महाशिवरात्रीला जी गर्दी लोटते, महाप्रसादाच्या ज्या पंगती उठतात, त्यांत जात-धर्म विचारून कोणी वाढत नाही. ज्या गावाला हजारोंची पंगत शांततेत उठवता येते, त्या गावाला दोन भावांच्या मधे उभे राहून ‘भांडा हवे तेवढे, पण देऊळ मोडू नका’ एवढे नक्कीच सांगता येईल. ते सांगायचा अधिकार गावाइतका दुसऱ्या कोणाला नाही.

सरकारकडे काय मागायचे? पहिले, लेखी उत्तर. शिरपूरची कोणती वास्तू केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली येते, कोणती राज्याच्या १९६० च्या, आणि कोणती कुठेच नाही, याचे उत्तर ग्रामपंचायतीने पुरातत्त्व खात्याकडून कागदावर मागून घ्यावे. केंद्र संरक्षित वास्तू असली तर तिच्यापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. हे माहीत नसल्यामुळे कोणी घराचा मजला चढवतो आणि मग नोटीस आली की देवळालाच शिव्या देतो. हद्द आधीच आखून, खांब रोवून, पाटी लावून दाखवा, म्हणजे गरिबाचे घर पाडायची वेळ येणार नाही. यादीत नसलेल्या वास्तूसाठी राज्य संरक्षणाचा प्रस्ताव मागता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर तो गेला पाहिजे, आणि एकट्या ग्रामपंचायतीचा नव्हे, तर दोन्ही पंथांची संमती जोडून.

शिक्षकांना आणि महाविद्यालयातल्या मुलांना मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. गावात फिरा. कोणाच्या गोठ्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात, पाराच्या ओट्यात घडीव दगड बसलेले आहेत का पाहा. उचलू नका, खरवडू नका, धुऊ नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा, घरमालकाला सांगून ठेवा की हा विकायचा नाही. अक्षरे दिसली तर त्यांत खडू किंवा शेंदूर भरू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना फोटो घ्या. दुपारी जिथे नुसता खडबडीत दगड दिसतो तिथे तेव्हा ओळी उठून येतात. कागदावर ठसा घेण्याचे काम जाणकारांचे आहे, ते त्यांनाच करू द्या. म्हाताऱ्या माणसांना बोलते करा. १९८१ च्या आधी आत जाऊन दर्शन घेतलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. देऊळ आतून कसे होते, कुठे काय होते, पूजेच्या वेळा कशा बदलत, दोन्ही पंथांची मुले एकाच शाळेत कशी बसत, हे त्यांच्या तोंडून मोबाईलवर रेकॉर्ड करा. भांडणाची चित्रफीत पुढे ढकलायला जो फोन पुरतो तोच यालाही पुरेल.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा तरी होतेच. यातली जी पुढे असेल तिच्या विषयपत्रिकेवर पवळीचा आणि गावातल्या देवळाचा विषय आधीच अर्ज देऊन चढवा. ठराव तीन ओळींचा पुरे: वास्तूंची संयुक्त मोजणी व्हावी, मोजणीपर्यंत कोणताही रंग, सिमेंट किंवा नवे बांधकाम होऊ नये, आणि मोजणीची एक प्रत ग्रामपंचायतीत कायमची राहावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. एक जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, एक पुरातत्त्व खात्याला, आणि एक-एक दोन्ही पंथांच्या विश्वस्तांना, त्याच दिवशी, म्हणजे आधी कोणाला मिळाली यावरून नवा वाद नको.